इम्पीरियल नाइटच्या मोठ्या चिलखतावर लाल रंग एकसारखा बसत नाही, काय करावे?

ठाणेकर रंगारी

नमस्कार. गेली तीन वर्षे मी वॉरहॅमर ४०,००० या छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या युद्धखेळासाठी पायदळच रंगवत आलो आहे आणि अंगठ्याएवढ्या त्या सैनिकांवर हात बऱ्यापैकी बसला आहे. यंदा एका मित्राकडे न उघडता पडून असलेला इम्पीरियल नाइटचा संच मिळाला. २०१४ साली निघालेला तो पहिला संच आहे; त्यातून पॅलाडिन किंवा एरंट यांपैकी एक यंत्रयोद्धा उभा करता येतो. जवळपास वीतभर उंचीचे ते धूड पाहून जितका आनंद झाला, तितकीच आता पंचाईत झाली आहे.

खेळाच्या कथेतील मंगळावरच्या तारानिस घराण्याचा लाल रंग द्यायचे ठरवले आणि जुलैमधल्या एका दुपारी, पाऊस थोडा थांबलेला पाहून, बाल्कनीत काळ्या प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, स्प्रे मारला. वाळल्यावर खांद्यांचे पत्रे आणि पाठीवरची मोठी ढाल यांवर पिठाची बोटे फिरवावीत तसा पांढुरका, खरखरीत थर दिसू लागला. त्यावर लाल रंगाचे दोन हात दिले तर ब्रशच्या रेघा शेतात कुळव फिरवल्यासारख्या उठल्या, आणि त्या झाकाव्यात म्हणून सगळीकडे गडद वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, फिरवला, तर चहाच्या कपाखाली राहतात तशी वर्तुळे पत्र्यांच्या मधोमध उमटली. सैनिकांवर हीच पद्धत इतकी वर्षे बिनबोभाट चालली होती.

धड आणि पाय चिकटवून झाले आहेत, चिलखताचे पत्रे मात्र अजून सुटे आहेत. हे सगळे काढून टाकावे लागेल का, आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) घेतल्याशिवाय इतका मोठा पृष्ठभाग नीट रंगवता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सांगाडा आधी

पत्रे सुटे ठेवलेत, यातच निम्मे काम वाचले. नाइट ही मुळात दोन वेगळी कामे आहेत: आतला यंत्राचा सांगाडा आणि त्यावर बसणारे चिलखत. सांगाड्याला लेडबेल्चरसारखा धातूचा रंग द्यावा, त्यावर नल्न ऑइलचा वॉश मोकळ्या हाताने फिरवावा आणि उंच कडांवर चंदेरी ड्रायब्रश करावा (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग घासावा), एवढ्याने तो एका संध्याकाळी उभा राहतो. तेथे वॉश साचला तरी तो तेलकट यंत्रासारखाच दिसतो. चिलखत मात्र मोटारीच्या बॉनेटसारखे आहे. त्यावर एक केस चिकटला तरी डोळ्यांत भरतो. सैनिकांवर तुमची पद्धत चालली, कारण तेथे सपाट जागा नखाएवढीसुद्धा नसते आणि वॉशला लगेच कुठली तरी खाच सापडते. सपाट पत्र्यावर त्याला जायला जागाच नसते, म्हणून तो मधोमध थांबून कडेने वाळत जातो आणि वर्तुळ सोडतो.

आता पांढुरक्या थराविषयी. स्प्रेमधील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेत दमटपणा असेल तर ओल त्या थरातच अडकते. पाऊस थांबला म्हणून हवा कोरडी होत नाही, हे ठाण्याच्या माणसाला मी पुण्यातून काय सांगावे! डबा फार लांबून धरला तर रंगाचे थेंब वाटेतच सुकतात आणि खरखर आणखी वाढते. साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठीक असते. खरखरीत थरावर पुढचा कोणताही रंग सपाट बसणार नाही, तेव्हा पत्र्यांवरचे सगळे काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ते काही तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासले की ॲक्रिलिक रंग सुटतो आणि प्लॅस्टिकला धक्का लागत नाही. प्रायमर हट्टी निघाला तर पुन्हा बुडवा, पण कंटाळून हार्डवेअरच्या दुकानातला थिनर आणू नका. तो पॉलिस्टायरीन, म्हणजे संचाचे प्लॅस्टिक, विरघळवतो. माझ्या एका पोटरीच्या पत्र्याचा त्याने वाफवलेला पापड केला होता.

पुन्हा सुरुवात करताना ब्रशने लावायचा प्रायमर वापरा आणि काळ्याऐवजी तपकिरी घ्या. लाल रंगद्रव्ये बहुधा अर्धपारदर्शक असतात. काळ्यावर ती मळकी दिसतात आणि झाकण्यासाठी हात वाढवावे लागतात, तर उबदार तपकिरीवर मेफिस्टन रेडसारखा लाल दोन-तीन हातांत भरून येतो. ब्रश अर्ध्या इंचाचा, चपटा आणि मऊ सिंथेटिक घ्या. रंग पातळ दुधाइतका करा, कडेपासून कडेपर्यंत एकाच दिशेने ओढा आणि मग त्या पत्र्याला हात लावू नका. रेघा पडतात त्या जाड रंगामुळे, आणि त्याहूनही जास्त, अर्धवट सुकलेल्या जागी परत ब्रश फिरवण्याच्या मोहामुळे. पहिला हात डागाळलेला, केविलवाणा दिसेल, तो तसाच सोडा. मी माझ्या नाइटच्या पाठीवरच्या ढालीला पाच हात दिले आणि प्रत्येक हातानंतर ती डब्याखाली झाकून जेवायला गेलो.

कंप्रेसर

वरील प्रतिसाद बहुतांशी पटतो, परंतु पाच हात देऊन जे साधायचे ते एअरब्रशने पाऊण तासात होते, हेही प्रश्नकर्त्याला कळायला हवे. ०.३ मिलिमीटरची सुई आणि २० पीएसआयच्या आसपासचा दाब या कामाला पुरतो. पाण्यावर आधारित प्रायमर घरातच मारता येत असल्याने पावसाळ्याचा प्रश्न बराचसा सुटतो. खिडकी उघडी आणि तोंडावर मास्क मात्र हवा. वालेहोचा पॉलियुरेथेन प्रायमर वापरलात तर तो पूर्ण २४ तास वाळू द्या, कारण त्याआधी पॉलिश पेपर लावला तर तो घासला जाण्याऐवजी सालीसारखा सोलून निघतो. दमट दिवसांत कंप्रेसरच्या नळीत पाणी जमते आणि ऐन वेळी रंगावर थुंकते, म्हणून पाणी अडवणारा सापळा बसवलेलाच कंप्रेसर घ्यावा.

तरीही एका नाइटसाठी एवढा खर्च करा, असे मी म्हणणार नाही. रंगवण्याइतकाच वेळ एअरब्रश धुण्यात जातो आणि रात्री अकरानंतर कंप्रेसर लावला तर शेजारी दार वाजवतात. पुढे रणगाडे किंवा आणखी दोन नाइट घेण्याचा विचार असेल, तरच ही खरेदी अंगाला लागेल.

आणखी एक गोष्ट, जी नंतर करता येत नाही. पॅलाडिनची तोफ आणि एरंटची थर्मल कॅनन एकाच हातावर बसतात, तेव्हा कायमचे चिकटवण्याऐवजी तेथे छोटे नियोडिमियम चुंबक बसवा. भोक रंग देण्यापूर्वी पाडायचे आणि चुंबकाची बाजू पेनने खूण करून ठेवायची. माझी एक तोफ उलट्या चुंबकामुळे हातापासून दूर पळत असे.

नॉटिंगहॅमहून

मी नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला असतो आणि हा खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचे वॉरहॅमर वर्ल्ड हे प्रदर्शन येथेच असल्यामुळे तेथील काचेच्या कपाटांसमोर बराच वेळ घालवतो. जवळून पाहिले की लक्षात येते, मोठ्या पत्र्याचा मधला भाग शांत ठेवलेला असतो आणि सगळी मेहनत कडांवर, रिव्हेटांभोवती आणि सांध्यांत असते.

म्हणून वॉशबद्दल सांगतो, कारण तुमचे खरे नुकसान तेथे झाले आहे. लाल रंग पक्का वाळल्यावर चकचकीत ॲक्रिलिक व्हार्निशचा एक हात द्या. मग कॅम्लिनच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर आणि चिमूटभर काळा व्हाइट स्पिरिटमध्ये पाण्याइतका पातळ करा आणि बारीक ब्रशचे टोक फक्त खाचेला टेकवा. चकचकीत पृष्ठभागावर तो रंग आपणहून खाचेतून धावत जातो. पहिल्यांदा पाहताना मला फार गंमत वाटली होती. अर्ध्या तासाने, बाहेर आलेला रंग स्पिरिटमध्ये जेमतेम ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. ॲक्रिलिक व्हार्निशला स्पिरिट लागत नसल्याने खालचा लाल सुरक्षित राहतो आणि चूक झाली तरी पुसता येते.

त्याच चकचकीत थरावर घराण्याची चिन्हे, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचे डिकल, लावून घ्या. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, तेथे डिकलखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक दिसते. खांद्याचा पत्रा गोलाकार आहे, त्यामुळे डिकल मऊ करणारा द्रव (सॉफ्टनर) लागेल. तो लावल्यावर चिन्ह सुरकुतते आणि आपण सगळे घालवले असे वाटते. त्या वेळी बोट लावू नका, वाळताना ते आपोआप ताणले जाऊन बसते. मॅट व्हार्निश सर्वांत शेवटी.

ठाणेकर रंगारी

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे. पत्रे अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवले आणि पाठीवरच्या ढालीचा एक कोपरा सोडता सगळे स्वच्छ निघाले. तपकिरीवर लाल रंगाला चार हात लागले. तिसऱ्या हातापर्यंत माझा विश्वास बसत नव्हता, आणि एका खांद्यावर मी मोह न आवरल्याने परत ब्रश फिरवलाच. ती रेघ अजून आहे, तिच्यावर स्पंजाने गडद तपकिरी ओरखडा काढून त्यात चंदेरी टिंब दिले आहे आणि आता ती लढाईची खूण ठरली आहे.

एकच शंका उरली आहे. रंगवलेले पत्रे सांगाड्यावर बसवताना प्लॅस्टिकचा सिमेंट चालेल, की फेविक्विक वापरावे?

सांगाडा आधी

सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, रंगावर तो धरत नाही आणि बाहेर आला तर रंगही खातो. दोन्ही बाजूंचा, जेथे सांधा बसतो तेवढाच रंग ब्लेडने खरवडा आणि सिमेंटचा अगदी छोटा थेंब आतल्या बाजूला लावा. फेविक्विक घाईत बरे वाटते, पण बंद जागेत त्याची वाफ शेजारच्या रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते आणि तुम्ही पांढऱ्या थराशी एकदा लढला आहातच. पोटऱ्यांचे पत्रे आधी बसवा, खांदे नंतर. खांदे लागले की बोटे आत शिरत नाहीत.