मंगळावरचे ते रीसेट: दोष लवचीकतेचा की हिशेबाचा?

कालयंत्री
1997च्या जुलैत नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. ऑपरेटिंग सिस्टिम होती व्हीएक्सवर्क्स. हवामानाच्या नोंदींचं कमी प्रायॉरिटीचं टास्क (संगणकावर चालणारं एक काम) एक लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा वापराचा हक्क, धरून बसायचं आणि बस (यानाच्या भागांमध्ये माहिती नेणारी वाट) सांभाळणाऱ्या वरच्या टास्कला नेमका तोच हवा असायचा. मधल्या प्रायॉरिटीची टास्कं घुसून खालच्याला चालूच देत नसत. वरचं ताटकळलं, वेळ चुकली, की रीसेट.

जिथे वेळ चुकली तर माणूस जाऊ शकतो, तिथे हा प्रायॉरिटीचा खेळच नको, असं माझं ठाम मत आहे. कुठलं काम कधी, ते आधीच कोष्टकात मांडा. विमानांसाठीचं एआरिंक 653 मानक सॉफ्टवेअरच्या प्रत्येक विभागाला प्रोसेसरच्या वेळेचा ठरलेला तुकडा देतं. शेजारी कितीही गोंधळ घालो.

रात्रपाळी
रीसेट थांबले कसे, तेही सांगा की! लॉक धरणाऱ्याला तात्पुरती वरची प्रायॉरिटी देण्याची सोय, म्हणजे प्रायॉरिटी इनहेरिटन्स, व्हीएक्सवर्क्समध्ये होतीच. त्या लॉकसाठी ती बंद होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू केली. हीच लवचीकता कामी आली.

मी गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करतो. एक सेन्सर वाढला तेव्हा आम्हाला अख्खं कोष्टक पुन्हा मांडावं लागलं होतं. आणि लवचीक म्हणजे बेहिशेबी नव्हे. लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी 1973मध्येच दाखवलंय: एका प्रोसेसरवर ठरावीक अंतराने येणारी, एकमेकांवर न अवलंबणारी टास्कं असतील आणि कमी अंतराने येणाऱ्याला वरची प्रायॉरिटी दिली, तर प्रोसेसरच्या सुमारे 69 टक्के वापरापर्यंत एकही डेडलाइन चुकत नाही.

कालयंत्री
त्या गणिताला प्रत्येक टास्कचा जास्तीत जास्त वेळ माहीत असावा लागतो. कॅश (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) आणि मल्टीकोअरच्या (एका चिपवर अनेक प्रोसेसर) जमान्यात तो आकडा छातीठोकपणे कोण देणार?

रात्रपाळी
कोष्टक मांडायलाही तोच आकडा लागतो ना?

पळसपान
कालयंत्री, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. 653मध्ये विभागांचं कोष्टक पक्कं, पण विभागाच्या आत टास्कं प्रायॉरिटीनेच चालतात. बाहेर भिंत, आत मोकळीक.

कालयंत्री
विभागाच्या आत मला चालेल, भिंत मात्र हलता कामा नये. रात्रपाळी, तुमचं ब्रेकचं काम आणि नवा सेन्सर एकाच कोष्टकात होते का?

रात्रपाळी
हो. मध्ये भिंत नव्हती, म्हणून ब्रेकच्या सगळ्या चाचण्याही पुन्हा कराव्या लागल्या.