आमवात आहे आणि आता इम्युनोथेरपी सुचवली आहे. अनुभव व सल्ला हवा

अबोली

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीला बऱ्याच वर्षांपासून आमवात आहे. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्या दोन्ही पॉझिटिव्ह. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिग्रॅ. एवढ्यावर तिचं छान चाललं होतं. आता फुप्फुसाचा कर्करोग निघाला आहे, पसरलेला आहे. गाठीच्या तपासणीत पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) ५० टक्क्यांच्या वर आल्यामुळे ऑन्कॉलॉजिस्ट (कर्करोगतज्ज्ञ) म्हणतात की किमोशिवाय नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देता येईल.

आम्हाला आशाही वाटते आहे आणि धास्तीही. हे औषध प्रतिकारशक्तीला चेव आणतं असं कळलं, आणि तिच्या आजाराचं मूळच तिथे आहे. आमवात उसळला तर पुन्हा हात उचलता येणार नाही ही तिची भीती आहे; कर्करोगापेक्षा तेच जास्त बोलते ती. आमवात असताना कोणी हे औषध घेतलं आहे का? सांध्यांची औषधं बंद करावी लागतात का? पहिल्या डोसच्या आधी काय काय करून घ्यावं? कृपया सविस्तर लिहा.

रानवारा

अबोली, बहिणीची काळजी वाटणं अगदी समजू शकते. आमची परिस्थिती थोडी वेगळी होती. माझ्या नवऱ्याला आधी संधिवात नव्हता. मेलॅनोमासाठी (त्वचेचा एक कर्करोग) निव्होलुमॅब हे त्याच प्रकारचं औषध सुरू झालं आणि काही महिन्यांनी मनगटं, गुडघे सुजायला लागले. सकाळी तासभर तरी मूठ वळायची नाही. आम्ही आधी वयावर ढकललं, पण तिथल्या नर्सने लगेच ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाततज्ज्ञाकडे) पाठवलं. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी निगेटिव्हच आले. डॉक्टर म्हणाले, या औषधाने होणाऱ्या संधिवातात ते बहुतेकदा निगेटिव्हच असतात, तेवढ्यावरून संधिवात नाही असं समजू नका.

थोडं प्रेडनिसोलोन, मग मेथोट्रेक्सेट. कर्करोगाचा उपचार थांबवावा लागला नाही. मात्र एक मनाशी धरून ठेवा: उपचार संपल्यावरही नवऱ्याचे सांधे दुखतच राहिले. बाकीचे दुष्परिणाम विरले, सांध्यांचा चिकटून बसला. तरी स्कॅन स्वच्छ आहेत, आणि तो पुन्हा निर्णय घ्यायचा झाला तर हाच घेईन म्हणतो.

संधिप्रकाश

मी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट आहे. असे रुग्ण आमच्याकडे आता नेहमी येतात, म्हणून जरा लांबण लावतो. बहिणीच्या बाबतीत शेवटचा शब्द तिच्या दोन्ही डॉक्टरांचा.

प्रतिकारशक्तीच्या पेशींवर ताबा ठेवणारे काही ब्रेक शरीरात असतात. पीडी-१ आणि सीटीएलए-४ हे त्यातले दोन. कर्करोग या ब्रेकचा फायदा घेऊन लपतो आणि ही औषधं तो ब्रेक सोडवतात. (याच शोधासाठी २०१८ चं नोबेल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना मिळालं.) आता गंमत बघा: आमवातावरचं अ‍ॅबॅटासेप्ट हे औषध सीटीएलए-४ याच रेणूचा भाग वापरून बनवलेलं आहे, तर २०११ मध्ये मेलॅनोमासाठी मान्यता मिळालेलं इपिलिमुमॅब त्याच रेणूला अडवतं. आम्ही जो ब्रेक दाबायला बघतो तोच ऑन्कॉलॉजिस्ट सोडतात. म्हणून तुमचा प्रश्न रास्तच आहे.

पण आमवात आहे म्हणून इम्युनोथेरपी नाकारावी, असं आता कोणी मानत नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत अशा रुग्णांना घेतलंच जात नसे, त्यामुळे भीती जास्त आणि माहिती कमी अशी स्थिती होती. नंतर जमलेल्या अनुभवावरून दिसतं की साधारण निम्म्या रुग्णांचा जुना आजार उसळतो, पण बहुतेकांचा तो गोळ्यांनी आवरता येतो आणि कर्करोगाचा उपचार चालू राहतो. ज्यांना आधी काहीच नव्हतं त्यांच्यातही १०० पैकी साधारण ३ ते ७ जणांना सांध्यांना सूज येते.

औषधांबद्दल. स्वतःहून काहीही बंद करू नका. प्रेडनिसोलोन तर अचानक कधीच नाही, शरीराला त्याची सवय झालेली असते. सुरुवातीलाच रोज १० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये इम्युनोथेरपीचा गुण कमी दिसला आहे. त्यात एक मेख अशी की त्यांतल्या अनेकांना स्टेरॉइड धाप लागते किंवा मेंदूत गाठी आहेत म्हणून चालू होतं, म्हणजे ते मुळातच जास्त आजारी होते. बहिणीचे ५ मिग्रॅ या हद्दीच्या खाली आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बहुधा चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेटचं दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवावं, कारण ते थांबवलं आणि आमवात उसळला तर शेवटी जास्त स्टेरॉइड द्यावं लागतं, जे कोणालाच नको असतं.

पहिल्या डोसच्या आधी माझा सगळ्यात जास्त आग्रह फुप्फुसांबद्दल असेल. आमवातात फुप्फुसांना जाळीसारखे व्रण येऊ शकतात, आणि असे व्रण आधीपासून असतील तर इम्युनोथेरपीने न्यूमोनायटिस (फुप्फुसाला सूज) होण्याचा धोका वाढतो. तिचा सीटी झालेला असणारच. त्यात गाठीखेरीज फुप्फुसाचा बाकीचा भाग कसा आहे हे रेडिओलॉजिस्टकडून मुद्दाम लिहून घ्या. सोबत कोणते सांधे आज सुजलेले आहेत याची नोंद, सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड, यकृत, सीके (स्नायूंसाठी), ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयासाठी), हेपॅटायटिस बी व सी आणि क्षयाची तपासणी. पुढे जैविक औषध (प्रतिकारशक्तीला आवर घालणारं) लागलं तर तेव्हा धावपळ नको.

निशिगंध

माझ्या ओळखीत एकांनी प्रतिकारशक्ती वाढवणारी पूड घेतली होती सोबत. त्याने उपचाराला मदत होते म्हणतात. विचार करून बघा.

संधिप्रकाश

निशिगंध, मदत करावी म्हणूनच लिहिलंत, पण कृपया नको. ही औषधं स्वतःच यकृताला सूज आणू शकतात. पुडीने एन्झाइम वाढले तर दोष कोणाचा हे कळत नाही आणि डोस अडकतो. जे काही चालू आहे ते ऑन्कॉलॉजिस्टला दाखवा, घरगुती असलं तरी.

ध्रुव_तारा

विषयाला थोडी बगल देतो, क्षमस्व. वडिलांना अचानक डर्मॅटोमायोसायटिस (त्वचा आणि स्नायूंना सूज येणारा आजार) झाला आणि डॉक्टरांनी स्नायूंपेक्षा कर्करोगाच्याच तपासण्या जास्त लिहून दिल्या. घरचे चिडले आहेत. हे बरोबर आहे का?

संधिप्रकाश

अगदी बरोबर, करून घ्या. प्रौढ वयात झालेल्या डर्मॅटोमायोसायटिससोबत कर्करोग सापडण्याचं प्रमाण नक्कीच जास्त असतं, विशेषतः निदानाच्या मागेपुढे ३ वर्षांत. अँटी-टीआयएफ१-गॅमा नावाचं प्रतिपिंड पॉझिटिव्ह असेल तर जास्तच सावध राहतात. स्क्लेरोडर्मातही (त्वचा कडक होणारा आजार) असं दिसतं. २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवलं की काही रुग्णांच्या गाठीत आरएनए पॉलिमरेज ३ या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेला होता आणि त्यांच्या रक्तात त्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं होती. म्हणजे गाठीशी लढताना शरीराने स्वतःवरच हत्यार चालवलं असावं. एकदा तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून विषय मिटला असं करू नका, ठरावीक काळाने पुन्हा विचारा. यावर वेगळा धागा काढलात तर तिथे लिहीन.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. सीटीचा अहवाल काढून पाहिला. फुप्फुसाच्या तळाशी किंचित व्रण असल्याचं एका ओळीत लिहिलं आहे, आम्ही ते वाचलंच नव्हतं. दोन्ही डॉक्टरांना मेल केला आहे. दोन शंका. आमवात उसळला तर औषध लागू पडतंय असं समजायचं का? आणि घरी नेमकं कशावर लक्ष ठेवायचं?

संधिप्रकाश

दुष्परिणाम झालेल्यांत कर्करोगही जास्त काबूत राहिल्याचं काही अभ्यासांत दिसतं. पण जे जास्त दिवस जगले आणि जास्त डोस घेऊ शकले त्यांना दुष्परिणाम व्हायला वेळही जास्त मिळाला, हेही त्यात आहे. तेव्हा सांधे सुजले नाहीत म्हणून बहिणीने खचू नये आणि सुजले म्हणून सोसत बसू नये. गुण आहे की नाही ते स्कॅन सांगेल.

सांधे सुजणं, सकाळचा आखडलेपणा वाढणं, खांद्या-कमरेत नव्याने कळ येणं हे त्याच आठवड्यात कळवा. एकाच हाडात खोल, रात्री जागं करणारं दुखणं असेल तर त्याला आमवात समजू नका, हाडाची तपासणी लागते. नुसता थकवा आणि अंगदुखी असेल तर थायरॉइड आणि कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बघायला सांगा.

नवी धाप, वाढता कोरडा खोकला, पापणी खाली येणं, एकाची दोन दिसणं, गिळताना त्रास, मान किंवा मांड्या लुळ्या पडणं, छातीत दुखणं: यातलं काहीही झालं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठा, आणि पोचताच 'इम्युनोथेरपी चालू आहे' असं सांगा. किमो चालू आहे असं सांगितलं तर तपासणीची दिशाच बदलते. स्नायूंच्या सुजेसोबत हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. ते क्वचित होतं, पण जिवावर बेततं, आणि बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांतच होतं.

व्रणांवर ऑन्कॉलॉजिस्ट काय म्हणतात ते कळवा. फुप्फुसतज्ज्ञांचं मत आणि श्वसनाची चाचणी, डीएलसीओसह (फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो ते मोजणारी), मागून घ्या. त्यासाठी पहिला डोस काही दिवस पुढे ढकलता येईल का, हेही त्यांना विचारा.

रानवारा

अबोली, एक व्यवहाराची गोष्ट. नवऱ्याच्या पाकिटात आम्ही एक कार्ड ठेवलं आहे: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, दोन्ही डॉक्टरांचे फोन. उपचार संपल्यावरही काढलं नाही, कारण त्रास शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही सुरू होऊ शकतो असं आम्हाला सांगितलं होतं. बहिणीसाठीही आजच करून घे.