‘रिसर्च इंटरेस्ट्स’ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल
मानसशास्त्र विभागाच्या पीएचडी माहितीपत्रकाचं मराठी करतेय. प्रत्येक प्राध्यापकाच्या नावाखाली ‘रिसर्च इंटरेस्ट्स’ असा रकाना आहे. हाती आलेल्या मसुद्यात मथळा आहे ‘फॅकल्टीच्या संशोधन अभिरुची’. वाचून वाटतं, सर संध्याकाळी गझला ऐकत असावेत. शिवाय ‘अटॅचमेंट’चं ‘आसक्ती’ केलंय. सुचवा काहीतरी.

अक्षरओळख
‘अभिरुची’ तर इथे नकोच. मानसशास्त्रात तो शब्द आधीच कामाला जुंपलेला आहे. अभिरुची चाचणी म्हणजे कुठल्या प्रकारच्या कामात मन रमतं ते पाहणारी, अभिक्षमता चाचणी म्हणजे ते काम शिकायची कुवत पाहणारी. एखाद्या बाईंचा विषयच अभिरुची मापन असला तर काय छापणार? ‘संशोधन अभिरुची: अभिरुची’?

बोरूबहाद्दर
मग ‘रस’ काय वाईट आहे? ‘त्यांना स्मृतीच्या अभ्यासात रस आहे’ हे अस्सल मराठी आहे. उगाच जड शब्द कशाला शोधायचे?

अक्षरओळख
वाक्यात चालेल, रकान्यावर नाही. ‘संशोधन रस’ म्हटलं की डोळ्यांपुढे ग्लास येतो. शिवाय मला ज्योतिषातही रस आहे, म्हणून मी त्यावर पीएचडीचा विद्यार्थी घेणार नाही.

टपालहशील
हे शेवटचं महत्त्वाचं आहे. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीला बऱ्याच ठिकाणी प्रवेश म्हणजे एका ठरावीक प्राध्यापकाच्या लॅबमध्ये प्रवेश. त्यामुळे अर्ज करणारा हा रकाना जाहिरातीसारखा वाचतो. नुसतं ‘नैराश्य’ लिहून भागत नाही. ‘किशोरवयातली बिघडलेली झोप आणि नैराश्य’ इतकं नेमकं लिहिलेलं असतं. बऱ्याचदा शेजारीच येत्या वर्षी नवा विद्यार्थी घेणार की नाही तेही असतं. तेव्हा तिथला ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड नव्हे, हातातलं काम. माझं मत ‘संशोधनविषय’ला.

बोरूबहाद्दर
आपल्याकडे पहिला प्रश्न विषयाचा नसतोच, ‘सरांकडे जागा आहे का?’ हा असतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. त्यानंतर ‘मॅडमचा एरिया काय?’. आणि उत्तर मिळतं ते स्पेशलायझेशनचं! एमएला काउन्सेलिंग घेतलं होतं, आज काम चाललंय वृद्धांच्या स्मृतीवर. म्हणून ‘विशेषज्ञता’ हा शब्द या रकान्यात घालू नका, तो वेगळा रकाना आहे. ‘संशोधनविषय’ मलाही चालेल, ‘रस’ मागे घेतो.

चिंचगूळ
‘फॅकल्टी’चं काय करणार? हल्ली ‘त्या आमच्या फॅकल्टी आहेत’ असं एका माणसाबद्दल सर्रास बोलतात. विद्यापीठाच्या कायद्यात फॅकल्टी म्हणजे विद्याशाखा, तुमच्या पत्रकात अध्यापकवर्ग. आणि मानसशास्त्राच्या इतिहासात फॅकल्टी सायकॉलॉजी म्हणजे मनाच्या वेगवेगळ्या शक्ती मानणारा अठराव्या शतकातला विचार, जर्मन तत्त्वज्ञ ख्रिस्तियान वोल्फ वगैरे. तिथे कोणी ‘अध्यापक मानसशास्त्र’ करून ठेवू नये म्हणजे मिळवली. मथळ्यात सरळ ‘प्राध्यापक’ लिहा.

अक्षरओळख
‘आसक्ती’ मात्र आजच खोडा. ती गीतेने सोडायला सांगितलेली गोष्ट. इथे विषय आहे बाळाला जगायला लागणाऱ्या आधाराचा.

चिंचगूळ
‘लळा’? ‘बाळाला आजीचा लळा लागलाय’ हे कोणालाही कळतं.

टपालहशील
शब्द गोड आहे, पण अडतो. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये केलेला प्रयोग आठवा. साधारण वर्षाचं मूल, अनोळखी खोली, आई काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. खरं निरीक्षण आई परतल्यावर मूल काय करतं याचं. काही मुलं जवळ येऊन शांत होतात, काही तोंड फिरवून खेळण्यात डोकं घालतात, काही बिलगतात आणि त्याच वेळी आईला ढकलतात. अटॅचमेंटच्या सिद्धान्ताप्रमाणे ती तिन्हींकडे आहे, फक्त तऱ्हा वेगळी. तोंड फिरवणाऱ्या मुलाला ‘लळा आहे’ असं मराठीत कोण म्हणेल? आणि हाच शब्द पुढे नवरा-बायकोच्या नात्यावरच्या संशोधनातही येतो. ‘अनुबंध’ घ्या. त्याला ‘सुरक्षित’, ‘असुरक्षित’ ही विशेषणं जोडता येतात.

चिंचगूळ
पटलं. पण पहिल्यांदा येईल तिथे ‘मूल आणि सांभाळणारी व्यक्ती यांच्यातला अनुबंध’ असं पूर्ण लिहा. नुसत्या ‘अनुबंध’वरून कवितासंग्रह वाटेल.

पाटीपेन्सिल
ठरलं: ‘प्राध्यापक व त्यांचे संशोधनविषय’, आणि ‘अनुबंध’. आता ‘रेझिलियन्स’ उरलाय, तो बऱ्याच जणांनी लिहिलाय. ‘लवचिकता’ लिहिलं तर योगवर्ग वाटतो.

बोरूबहाद्दर
‘चिवटपणा’?

अक्षरओळख
चिवट माणूस मोडत नाही. इथे मोडून पुन्हा उभं राहणंही येतं. ‘सावरण्याची क्षमता’ लिहा, रकाना थोडा रुंद करावा लागेल.