शब्दचर्चा : टक लावलेल्या नजरेची ‘चुळबुळ’

खानापूर : नववीच्या मुलांसाठी डोळ्यांवर टिपण लिहितोय. एका ठिपक्याकडे टक लावली तरी डोळा स्थिर नसतो. सेकंदाला साधारण एक-दोन बारीक झटके बसतात, बहुतेक 1 अंशाहून लहान. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाच्या निम्मेसुद्धा नाहीत. इंग्रजीत मायक्रोसॅकेड. मराठीत ‘डोळा लवणे’ चालेल का?

निपाणी : नको. लवते ती पापणी, आणि तिला शकुन-अपशकुन चिकटलेत. ‘भिरभिर’ही नको, त्यात नजर लांब फिरते. सॅकेड हा मूळ फ्रेंच शब्द, घोड्याचा लगाम ओढल्यावर बसणारा हिसका. ‘सूक्ष्म हिसका’ म्हणा की ओ.

बेळगाव : एका झटक्याला हिसका ठीक, पण सगळ्या प्रकाराला ‘चुळबुळ’च. जागा न सोडता हलणं. वर्गात पोरं चुळबुळत असतात, बाहेर पावलं वाजली की गप्प. डोळ्याचंही तसंच! अचानक काही दिसलं किंवा आवाज झाला की 100 ते 200 मिलिसेकंदांच्या आसपास हे झटके एकदम कमी होतात, मग उसळून परत येतात. ऐकतो कान आणि थबकतो डोळा, कारण झटके घडवणाऱ्या मध्यमेंदूतल्या केंद्रात दोघांचेही निरोप पोचतात. ‘चाहूल’ हा शब्द इथं हवाच.

निपाणी : चुळबुळीत कंटाळा आहे. हे हिसके तर कामाचे! डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा अगदी स्थिर ठेवली तर ती विरून जाते.

चिकोडी : कन्नडात लक्ष म्हणजे ‘गमन’. स्टेशनवर ‘प्रयाणिकर गमनक्के’ ऐकून लहानपणी मला वाटायचं, गाडी निघाल्याचं सांगालेत. आता ते चुकीचं वाटत नाही. नजर ठिपक्यावरच ठेवून मनानं डावीकडचं टिपायला गेलं, तर या झटक्यांचा कलही बऱ्याचदा डावीकडे जातो. आपल्याकडंही लक्ष ‘वळतं’ म्हणतात. मुलांना ते क्रियापद जरूर दाखवा.

खानापूर : दाखवतो. वाक्य असं करतो : ‘चाहूल लागली की नजरेची चुळबुळ क्षणभर थांबते.’ निपाणीकरांची हरकत पटते, म्हणून पहिल्याच ओळीत ‘सूक्ष्म हिसके’ देऊन ते कशासाठी लागतात हेही लिहितो.