मदत हवी आहे: शिकारीच्या बाणांचं फ्लेचिंग (शेपटीचे पंख) नव्याने करतोय. रॅप (शेपटीभोवतीचं विनाइलचं वेष्टन) लावावा का? व्हेन (प्लॅस्टिकचे पंख) कोणते?

नमस्कार मंडळी,

कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य, उजव्या हाताने मारतो, रेस्ट (बाणाचा टेकू) ड्रॉप-अवे, म्हणजे बाण सुटताच खाली पडणारा. बाण कार्बनचे, २८ इंच लांब, पुढे १०० ग्रेनचं (साधारण साडेसहा ग्रॅम) टोक धरून पूर्ण वजन ४२० ग्रेन. बाण तयार घेतलेले होते आणि आता त्यांची शेपटी गळायला लागली आहे. काही व्हेन फाटलेत, काही मुळापासून उचकटलेत. रॅप असलेल्या बाणांवर तर रॅपची पुढची कड सुटते आणि तिच्याबरोबर व्हेनही वर येतो. म्हणून सगळे खरवडून पहिल्यापासून लावायचे ठरवलंय. एकेक व्हेन चिमट्यात धरून लावायचं जिग हाताशी आहे, चिमटा हेलिकल (व्हेन जरा पिळून बसवणारा).

दुसरी अडचण म्हणजे साध्या टोकाचे बाण ३० यार्डांवर छान एकत्र बसतात, पण तीन पात्यांचा फिक्स्ड ब्रॉडहेड (न मिटणाऱ्या पात्यांचं शिकारीचं टोक) लावला की तेच बाण पाच-सहा इंच डावीकडे जातात. व्हेन मोठे केले तर हे सुटेल का?

प्रश्न असे:
रॅपचा खरंच उपयोग आहे की नुसती शोभा? वजनाचं काय?
दोन इंची उंच व्हेन, तीन-चार इंची बुटके व्हेन की पिसं? तीन की चार?
चिकटवण्याची पद्धत जरा सविस्तर सांगा. व्हिडिओत सगळं दहा सेकंदांत उरकतात.

शिकार करावी की नाही हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढू. जिथे कायद्याने परवानगी आहे तिथलंच बोलतोय.

प्रतिसाद

रॅप लावा आणि पांढरा लावा. बाण आरपार गेला की मागच्या भागावर रक्ताचा रंग वाचता येतो. फेसाळ गुलाबी असेल तर फुफ्फुस, गडद असेल तर बहुधा यकृत, हिरवट घाण असेल तर पोट. पुढे लगेच माग काढायचा की काही तास थांबायचं, हे त्यावरच ठरतं. काळ्या शाफ्टवर (बाणाच्या दांड्यावर) यातलं काही दिसत नाही. नारिंगी दुकानात झकास दिसतो आणि वाळक्या पाचोळ्यात हरवतो.

प्रतिसाद

शोभा म्हणून नाही, पण फुकटही नाही. तुमच्याच बाणाचं गणित करून पाहू. बाण बोटावर तोलून समतोल बिंदू नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून किती इंचांवर येतो?

धागाकर्ता

आत्ताच तोलला. एक बाण आधीच खरवडला होता, त्याला तीन व्हेन टेपने तात्पुरते लावले, रॅप नाही. १७.५ इंच.

प्रतिसाद

उत्तम. लांबीचा मध्य १४ इंचांवर, म्हणजे समतोल बिंदू ३.५ इंच पुढे. २८ ने भागलं की १२.५ टक्के, हा तुमचा एफओसी, म्हणजे समतोल बिंदू मध्याच्या किती पुढे आहे ते. शिकारीच्या बाणाला १० ते १५ टक्के सर्वसाधारणपणे चांगला मानतात.

आता ८ ग्रेनचा रॅप लावा. त्याचा मध्य खाचेपासून साधारण ३ इंचांवर येईल. ४२० गुणिले १७.५, अधिक ८ गुणिले ३, भागिले ४२८. उत्तर १७.२३. एफओसी ११.५ टक्क्यांवर आला. आठ ग्रेन म्हणजे अर्धा ग्रॅम, पण तो अगदी शेपटीवर बसतो म्हणून जवळजवळ एक टक्का खातो. तुमच्या बाणाला हे चालून जाईल. ज्याचा मुळातच ९ टक्के आहे त्याने मात्र रॅपचा नाद सोडावा किंवा चार इंचांचा पातळ घ्यावा. सात इंची रॅप दिसायला देखणा, पण व्हेन बसतात पहिल्या तीन-चार इंचांतच. पुढचा सगळा भाग नुसतं वजन.

रॅपचे माझ्या मते दोनच खरे फायदे. बाण सापडतो आणि वाचता येतो, हे वर आलंच. दुसरा म्हणजे पुढच्या वेळी व्हेन बदलताना सुरीने कार्बन खरवडावा लागत नाही. खरवडताना तंतू कापला गेला की तो बाण संपला.

तोटा कोणी सांगत नाही तो मी सांगतो: रॅपखाली चीर लपते. लावण्याआधी प्रत्येक शाफ्ट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ हलका वाकवा, फिरवा, परत वाकवा. करकर आवाज आला, तंतू बोटाला टोचला किंवा नॉकजवळ रेघ दिसली तर बाण मोडून फेका. कार्बन सुटताना फुटला तर तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

आता कड सुटण्याचं. तुमच्या वर्णनावरून दोष गोंदाचा नसून पृष्ठभागाचा वाटतो. कारखान्यातून येणाऱ्या शाफ्टवर तेलकट थर असू शकतो, त्यात बोटांचा घाम. मी असं करतो:

शाफ्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. त्यानंतर मागच्या सहा इंचांना हात लावायचा नाही. रॅप आणि शाफ्ट दोन्ही खोलीच्या तापमानाला असावेत. थंडीत विनाइल ताठर होतं, धड चिकटत नाही.

माउसपॅडवर रॅप चिकट बाजू वर करून ठेवायचा. शाफ्टचं मागचं टोक रॅपच्या कडेशी जुळवायचं, शाफ्ट रॅपच्या लांब कडेला अगदी समांतर धरायचा, आणि खाली दाबत एका दमात पुढे लोळवायचा. मध्येच थांबलात की तिथे बुडबुडा. तिरका धरलात तर जोड गोल जिन्यासारखा फिरत जाईल, तो काही केल्या सरळ होत नाही. काढा, नवा घ्या.

रुंदी मोजूनच घ्या. शाफ्टचा बाहेरचा व्यास ७.५ मिमी असेल तर परीघ साधारण २३.५ मिमी. २५ मिमी रुंदीचा रॅप दीड मिमी एकावर एक चढतो, बरोबर आहे. तोच रॅप ५.७ मिमीच्या बारीक शाफ्टवर घेतलात तर सात मिमी दुहेरी थर होतो, आणि एखादा व्हेन त्या पायरीवर अर्धा वर अर्धा खाली बसतो. जोड दोन व्हेनच्या मधोमध यायला हवा. तीन व्हेनमध्ये जेमतेम आठ मिमी अंतर असतं, तेव्हा जिगमध्ये पहिला व्हेन लावण्याआधीच जोड कुठे आहे ते बघून नॉक फिरवा.

शेवटी पुढच्या कडेवर इन्स्टंट ग्लूची केसाइतकी बारीक रेघ सगळीकडून. फोमच्या लक्ष्यात शाफ्ट घासून गरम होतो आणि नेमकी हीच कड उचलली जाते. बाण रात्रभर ठेवून द्या, व्हेन दुसऱ्या दिवशी.

प्रतिसाद

एवढं रामायण कशाला? टर्कीची पाच इंची पिसं लावा आणि विसरून जा. वजनाला हलकी, खरखरीत असल्याने हवा जास्त धरतात, बाण लवकर सरळ होतो. कुठे घासली तरी दबून जातात, प्लॅस्टिकसारखा बाण उडवत नाहीत. एकच लक्षात ठेवा, डाव्या पंखाचं पीस आणि उजव्या पंखाचं पीस एका बाणावर कधी मिसळू नका, आणि चिमटाही त्याच बाजूचा हवा.

प्रतिसाद

वरच्या काकांचा मुद्दा लाकडी धनुष्याला आणि शेल्फवरून (धनुष्याच्या मुठीवरच्या कठड्यावरून) मारणाऱ्यांना शंभर टक्के लागू. तिथे प्लॅस्टिक चालतच नाही. पण धागाकर्त्याकडे ड्रॉप-अवे आहे, शाफ्टला काही लागतच नाही. पावसात भिजलेलं पीस आडवं पडतं, पिशवीत चुरगळतं, आणि वेगवान कंपाउंडवर सुसाट आवाज करतं. पिसं लावलीच तर पिसाच्या दांडीच्या पुढच्या टोकावर गोंदाचा थेंब देऊन उतार करा. ते टोक उघडं राहिलं आणि बाण हाताला घासून गेला तर कातडीत शिरतं.

प्रतिसाद

मूळ प्रश्न बाजूला राहतोय. ब्रॉडहेड पाच-सहा इंच डावीकडे जातोय, तो का?

फिक्स्ड ब्रॉडहेडची पाती म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकाला लावलेले पंखच. बाण जराही तिरका सुटला की पुढचे पंख त्याला तिकडेच ओढतात आणि मागचे पंख सरळ करू बघतात. साध्या टोकाला पुढे पंख नसल्याने मागचे सहज जिंकतात, तिरकेपणा झाकला जातो. मोठे व्हेन लावून तुम्ही तो आणखी थोडा झाकाल, इतकंच. बाण तिरका का सुटतो ते आधी शोधा.

तुम्ही सगळे खरवडताय, ही आयती संधी आहे. एक बाण नागडा (व्हेन न लावलेला) ठेवा. शेपटीला रॅप आणि व्हेनच्या वजनाइतकी टेप गुंडाळा, नाहीतर तुलना चुकेल. साधं टोक लावून जवळून मारा, हळूहळू लांब जा. नागडा बाण फ्लेचिंगवाल्या बाणांच्या शेजारी आणि सरळ घुसला तर धनुष्य जमलंय. नंतर ब्रॉडहेड. अजूनही डावीकडे जात असेल तर रेस्ट उजवीकडे सरकवा, म्हणजे ज्या बाजूला ब्रॉडहेड आणायचाय त्या बाजूला. एका वेळी एक मिलिमीटरहून कमी. साइटला (नेम धरायच्या पिनांना) तोवर हात लावू नका.

त्याआधी ब्रॉडहेड लावलेला बाण टोकावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवा. टोक थरथरलं तर इन्सर्ट (टोक ज्यात आवळतात तो आतला भाग) किंवा शाफ्टचं कापलेलं तोंड काटकोनात नाही. अशा बाणाला कुठलाही व्हेन वाचवू शकत नाही.

हे सगळं झालं की व्हेन. फिक्स्ड ब्रॉडहेडला हेलिकल हवाच, चिमटा तुमच्याकडे आहेच. दोन इंची उंच व्हेन, एकेक साधारण सहा ग्रेनचा, तीन लावले की बहुतेकांचं काम होतं. त्यांची खोड म्हणजे उंच असल्याने आडव्या वाऱ्यात जास्त वाहतात आणि काही कंपन्यांचे उडताना फडफडल्यासारखे ऐकू येतात. कान असलेल्या जनावरापुढे हे मला पटत नाही. मी बुटके चार लावतो. क्षेत्रफळ तेवढंच मिळतं, आवाज कमी, आणि ९० अंशांवर चार असले की नॉक उलटा लावला तरी फरक पडत नाही. अंधुक उजेडात ही सोय मोठी आहे. वजन मात्र चारही व्हेनचं मिळून मोजा, वरच्या गणितात घाला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. नागडा बाण आधी करून बघतो. चार बुटके हेलिकल व्हेन आणि चार इंची पांढरा रॅप, असं पक्कं करतोय. हेलिकल डावा की उजवा? आणि व्हेन चिकटवताना काय बघायचं?

प्रतिसाद

प्लॅस्टिक व्हेनला दोन्ही चालतात. काही जण नागड्या शाफ्टच्या नॉकवर वरच्या बाजूला खूण करून दोन-तीन मीटरवरून मारतात आणि खूण कुठे वळली ते बघून त्याच दिशेचा हेलिकल लावतात. दोरीच्या पिळामुळे बाण सुटताक्षणी एका बाजूला वळतो, त्याच्या विरुद्ध लावलं तर तो आधी थांबून मग उलटा फिरतो. हे खरं आहे, पण २० यार्डांपलीकडे त्याने गट बदललेला मला तरी दिसला नाही.

उजव्याचा एक रोकडा फायदा आहे. लक्ष्यात टोक अडकतं आणि शाफ्ट फिरत राहतो, तेव्हा उजव्या फिरकीने टोक घट्ट होतं, डाव्याने सैल. डावा लावलात तर प्रत्येक फेरीनंतर टोकं आवळायची सवय ठेवा. सिंगल बेव्हल (एकाच बाजूने धार दिलेलं) पातं कधी घेतलंत तर पात्याची धार आणि हेलिकल एकाच बाजूचे हवेत.

चिकटवताना व्हेनचा तळ अल्कोहोलने पुसा (काही व्हेनच्या तळावर आधीच लेप असतो, ते पुसू नका, पाकिटावर लिहिलेलं असतं). रॅपवर ॲसिटोन नको, विनाइल विरघळतं. गोंदाची बारीक सलग रेघ पुरे. बाजूने ओघळ आला तर जास्त झालं. चिमटा खाली दाबून तळ पुढून मागून पूर्ण टेकलाय का ते उजेडासमोर धरून बघा, हेलिकलमध्ये पुढचं टोक हमखास तरंगतं. व्हेनचं मागचं टोक खाचेपासून साधारण एक इंचावर ठेवा. सगळे लागले की प्रत्येक व्हेनच्या पुढे-मागे एकेक थेंब. एक दिवस तरी मारू नका.

धागाकर्ता

शेवटचं. जुने रॅप सुरीने काढायचे?

प्रतिसाद

सुरी नको. आधी नॉक ओढून काढा, प्लॅस्टिक आहे, गरम पाण्यात मऊ होऊन खाच पसरू शकते. मग शेपटीचा रॅपवाला भाग कढत पाण्यात काही सेकंद बुडवा आणि जोडाच्या कडेला नख लावून सोलायला घ्या. व्हेनसकट अख्खा निघतो. जास्त वेळ उकळत ठेवू नका, कार्बनमधल्या रेझिनला ते मानवत नाही. उरलेला चिकटपणा अल्कोहोलने पुसा, शाफ्टच्या आत गेलेलं पाणी झटकून बाण उभे वाळू द्या, आणि वाकवून बघायची चाचणी तेव्हाच उरका.