मदत हवी आहे: सांधा बदलल्यावर वर्षाने फॉर्म कसे भरून घेता?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत एका रुग्णालयाच्या क्वालिटी विभागात आहे. मेडिकेअर (इथली मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना) हिच्या नियमानुसार गुडघा किंवा खुबा बदललेल्या निदान ५० टक्के पात्र रुग्णांकडून दुखणं-हालचालींबद्दलचा प्रश्नांचा फॉर्म भरून घेऊन ऑपरेशनआधीची आणि नंतरची, दोन्ही उत्तरं पाठवावी लागतात; नाहीतर रुग्णालयाला मिळणाऱ्या पैशांच्या वार्षिक दरवाढीला कात्री लागते. आधीच्या ९० दिवसांतला फॉर्म मिळतो, पेशंट समोरच असतो. गाडी अडते ती पुढे, ऑपरेशननंतरच्या ३०० ते ४२५ दिवसांच्या टप्प्यात. रुग्णालयाच्या ऑनलाइन पोर्टलची लिंक बरेच ज्येष्ठ उघडत नाहीत, अनोळखी नंबर उचलत नाहीत. गुडघ्याचे प्रश्न जेमतेम सात: जिना चढता-उतरताना दुखतं का, खुर्चीतून उठताना त्रास होतो का. ज्यांचं दुखणं अजून थांबलेलं नाही, त्यांचं म्हणणं तरी निसटू नये असं मनापासून वाटतं. तुमच्याकडे फोन कोण करतं, नर्स की फिजिओ? वर्षाच्या तपासणीची तारीख डिस्चार्जच्या वेळीच देऊन ठेवता का?