जुलैत मालवणात 'ताजा' सरंगा: शाश्वत मासळीची पाटी कितपत खरी?

घाटावरचा खवय्या (नाशिक)

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बायको, मी आणि सासूबाई मालवणला गेलो होतो. समुद्राकडे तोंड करून असलेल्या एका नव्या रेस्टॉरंटात जेवलो. नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. मेनूकार्डाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'आमची सर्व मासळी शाश्वत मासेमारीतून'. बिलही त्याच तोऱ्यातलं. सरंगा (म्हणजे आपलं पापलेट) फ्राय मागवला तर तळहातावर मावतील असे दोन आले. वेटर म्हणाला, ''सकाळीच उतरलाय, एकदम ताजा.'' सासूबाई मूळच्या गुहागरच्या. त्यांनी एक घास खाल्ला आणि सोलकढीची वाटी पुढे ओढली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ''भर आषाढात सरंगा कुठून उतरला याच्याकडे?''

तर प्रश्न असा की आपल्यासारख्या गिऱ्हाइकाने खरंखोटं ओळखायचं कसं? आणि असं शाश्वत-बिश्वत, म्हणजे समुद्रातला मासा संपू नये अशा बेताने पकडलेल्या मासळीचं, जेवण कोकणात खरंच कुठे मिळतं का?

सुंगटावाली (मालवण तालुका)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

मी घरगुती खानावळ चालवते. नवऱ्याची छोटी फायबरची होडी आहे, सासरे रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) होते. दादा, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. इंजिनाच्या होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, आमचीसुद्धा. वल्ह्याच्या होडीला बंदी नाही, पण आषाढातल्या समुद्रात वल्हं मारत सरंग्यापर्यंत जाणारा मला अजून भेटायचाय. म्हणजे तुमचा सरंगा एक तर मे महिन्यात बर्फात गेलेला, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून गाडीने आलेला. तिकडची बंदी १५ एप्रिलला लागते आणि १४ जूनला उठते, त्यामुळे जुलैत तिकडचा माल इकडे येऊ शकतो. तोही कायदेशीरच. पण मग 'सकाळीच उतरलाय' कशाला म्हणायचं? बर्फाचं मला वावडं नाही, थापेचं आहे.

आता ते तळहाताएवढं प्रकरण. २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा झाला, तुम्ही बातमी वाचली असेल. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. पापलेटचा १३५ मिलिमीटर. म्हणजे पोरांच्या कंपासपेटीतली पट्टीसुद्धा भरत नाही! माझ्या मते तोही लहानच, पण निदान त्याखालचा तरी नको. माझ्याकडे ओट्यावर पट्टी चिकटवलेली आहे. मासळीवाली हसते, हसू दे.

हॉटेलात गेलात की 'आज काय आहे' असं विचारू नका, सगळं आहे म्हणतील. 'आज काय नाही' ते विचारा. वेटरला पटकन चार नावं सांगता आली तर तिथे जेवा. सुरमई, सरंगा, कोळंबी, हलवा बारा महिने छापलेलं कार्ड असेल तर समुद्राचा आणि त्या कार्डाचा काही संबंध नाही. दुसरं, कुठल्या जाळ्यातली विचारा. पर्ससीनवाले (थव्याभोवती मोठं जाळं फिरवून ते खालून आवळणारे) अख्खा थवाच्या थवा उचलतात, म्हणून त्यांना ठरावीक महिनेच परवानगी आहे. एलईडी दिवे लावून पकडणं तर २०१७ पासून देशभर बंद. वेटरला माहीत नसतं, मान्य. मालकाला माहीत असायला हवं.

हर्णैचा मामा

ताई, पट्टी वगैरे ठीक. पण बंदरावर लिलावाला उभं राहून बघा, बारका सरंगा हॉटेलवालेच उचलतात. का, तर एका प्लेटीत अख्खा मासा डोक्याशेपटीसकट बसायला हवा. मोठ्याची तुकडी दिली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, फोटो चांगला येत नाही म्हणे. हे सगळं मच्छीमारावर ढकलू नका. घाटावरच्यांनी तुकडी खायला शिकावं.

बाकी बारा महिने फक्त सुरमई-पापलेट मागणाऱ्यांना तारली आणि मांदेली कोण खाऊ घालणार? भराभर वाढणारी मासळी ती, आणि स्वस्तही. मोरी, म्हणजे छोटा शार्क, बघा याच्या उलट. पिल्लंच मोजकी घालते, आणि मागणी मात्र कायम.

घाटावरचा खवय्या

मामा, टोला मान्य. ताई, मग पावसाळ्यात तुमच्या पानात असतं तरी काय? आणि त्याच हॉटेलात 'चढणीचे मासे' पण होते, स्थानिक आणि पारंपरिक म्हणून. ते तरी खरे ना?

सुंगटावाली

खरे आहेत, म्हणूनच जास्त राग येतो. पहिल्या पावसात ते मासे अंडी घालायला ओहोळातून, शेतातून वर चढतात. पोट अंड्यांनी टम्म. आमच्या आजोबांच्या वेळी वाडीपुरते दोन-चार धरायचे, तोपर्यंत ठीक होतं. आता ओहोळाला आडवं जाळं लावून पाटीभर काढायचे आणि वर शाश्वत म्हणून विकायचे, ह्याला काय म्हणावं? परंपरा हा काही परवाना नाही.

माझ्या पानात जुलैत सुक्या बांगड्याची किसमूर, सोड्यांचा भात, जवळ्याची चटणी. खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारा एक काका आहे, त्याला शेवटे किंवा काळुंद्र मिळाली तर ती, आणि एखाद्या दिवशी कुर्ल्या. कुर्ली मी आधी उलटी करून बघते. पोटाखाली अंड्यांचा झुपका दिसला की ती परत खाडीत. काका कुरकुरतो, पण मी तिचे पैसे देते. आणि काहीच आलं नाही तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. मुंबईचे काही जण त्यावर उठून गेलेत, गेले तर गेले.

पुढच्या वेळी १ ऑगस्टलाच गाडी काढू नका. बंदी उठली तरी समुद्र निवलेला नसतो, आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. त्यानंतर बांगडा येऊ लागला की या. तिरफळं घातलेलं तिखलं करते. सकाळी फोन करा, काय नाही ते आधी सांगेन.

हर्णैचा मामा

आणि आमच्या हर्णैला आलात तर संध्याकाळी लिलाव बघायला या. सासूबाईंना पुढे करा, भाव त्याच नीट करतील.